चार हजार वर्षांपूर्वीची एक दंडगोल मुद्रा
(व्याख्यानाचा मजकूर)



नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात एक लहानशी दगडी मुद्रा आहे. हे संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले असून विदर्भातील जनता त्यास ‘अजब बंगला’ या नावाने ओळखते. प्राणी, पक्षी, शिलालेख, शस्त्रे व चित्रे पाहण्यासाठी तेथे शाळकरी मुलांची रीघ लागते. परंतु या मुद्रेपाशी फारसे कोणी थांबत नाही, आणि त्यात नवल नाही. अशा मुद्रा आकाराने बोटाच्या पेराएवढ्याच असतात. नागपूरची मुद्रा काळसर दगडाची, दंडगोलाकार, म्हणजे खडूच्या तुकड्यासारखी गोल व लांबट आहे. तिच्यावर कोरीव काम असून प्राचीन बाबिलोन देशाच्या क्यूनिफॉर्म, म्हणजे खिळ्यांच्या आकाराच्या लिपीत मजकूर कोरलेला आहे. त्यात लिबुर-बेली हे नाव वाचले गेले आहे. ‘माझ्या स्वामीस स्वास्थ्य लाभो’ असा त्या नावाचा अर्थ होतो. मुद्रेचे वय सुमारे चार हजार वर्षांचे मानले जाते.

ही मुद्रा ज्या दगडातून घडविली आहे, तो डिचोली तालुक्यातील जनतेस अपरिचित नाही. त्याचे नाव हेमॅटाइट. डिचोलीच्या खाणींतून जे लोहखनिज निघते, ज्याची तांबडी धूळ रस्त्याकडेच्या झाडांवर व घरांच्या कौलांवर बसलेली कित्येक पिढ्यांनी पाहिली, त्यातील मुख्य घटक हेमॅटाइटच होय. हा दगड दिसावयास काळा किंवा करडा असला तरी खरखरीत पृष्ठभागावर घासल्यास त्याची रेघ तांबडी उमटते. बाबिलोनमधील कारागिरांना तो विशेष प्रिय होता, कारण तो जड, घट्ट व गुळगुळीत होणारा असून त्यावर बारीक रेषाही स्वच्छ उठते. अर्थात यावरून नागपूरची मुद्रा गोव्याच्या दगडाची आहे असा तर्क कोणी करू नये. हेमॅटाइट जगात अनेक ठिकाणी मिळतो.

दंडगोल मुद्रा म्हणजे काय, हे समजण्यास स्वयंपाकघरातील लाटण्याचे उदाहरण पुरेसे आहे. लाटण्यावर एखादी नक्षी खोलगट कोरली आणि ते ओल्या कणकेवरून फिरविले, तर कणकेवर ती नक्षी उठावदार उमटेल, आणि लाटणे जितके पुढे न्यावे तितकी ती पुन्हा पुन्हा उमटत जाईल. दंडगोल मुद्रेचे कार्य नेमके असेच होते. फरक इतकाच की कणकेच्या जागी चिकणमाती असे. मुद्रेच्या मध्यातून आरपार छिद्र पाडीत. त्यात दोरी ओवून मालक ती गळ्यात किंवा मनगटावर बाळगी. धनुकलीच्या दोरीने फिरणाऱ्या गिरमिटाने दोन्ही टोकांकडून हे छिद्र पाडले जाई. चित्र व अक्षरे उलटी कोरावी लागत, तेव्हा कुठे ठसा सुलटा येई. एवढ्याशा गोलाकार पृष्ठभागावर माणसांचे डोळे, दाढीचे केस, बैलाची शिंगे आणि वर लेखाच्या ओळी उलट्या बाजूने कोरणारे ते कारागीर कोणत्या तोडीचे असतील याची कल्पना, शाळेत खडूवर टाचणीने नाव कोरू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांस सहज येईल.

या मुद्रांचा उपयोग इराक देशात, म्हणजे तैग्रिस व युफ्रेटिस या नद्यांच्या खोऱ्यात, इ. स. पू. ३५०० च्या सुमारास सुरू झाला आणि जवळजवळ तीन हजार वर्षे टिकला. त्या प्रदेशात कागद नव्हता. लेखन ओल्या मातीच्या पाट्यांवर करीत. करार झाला, धान्य उसने घेतले, जमीन विकली की पाटीवर मजकूर लिहून साक्षीदार आपापली मुद्रा तिच्यावर फिरवीत. आपल्याकडे मराठेशाहीच्या कागदांवर आरंभी शिक्का व अखेरीस मोर्तब असे आणि त्यावरून ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द भाषेत रुळला; तसाच हा प्रकार. पुढे चामड्यावर शाईने लिहिण्याची पद्धत वाढली, मातीच्या पाट्या मागे पडल्या, तेव्हा या मुद्राही मागे पडल्या.

परंतु पाट्यांहूनही मुद्रेचा एक उपयोग अधिक मोलाचा होता. कोठाराचे दार बंद करताना दाराची दोरी भिंतीतील खुंटीस गुंडाळीत, तिच्यावर ओल्या मातीचा गोळा थापीत आणि त्यावरून अधिकाऱ्याची मुद्रा फिरवीत. रांजणाच्या तोंडावर, पोत्याच्या गाठीवर, टोपलीच्या बंदावर असेच ठसे असत. मातीचा गोळा चोराला अडवू शकत नाही हे त्या काळच्या लोकांसही ठाऊक होते. पण तो फोडल्यावाचून दार उघडत नसे, आणि एकदा फोडला की ती मुद्रा ज्याच्यापाशी आहे त्याच्यावाचून इतर कोणास तसाच ठसा पुन्हा उठविता येत नसे. मतपेटीवर किंवा टपालातील विम्याच्या पाकिटावर लाखेचा शिक्का याच विचाराने केला जात असे. फुटलेले हे मातीचे गोळे उत्खननात हजारोंनी सापडतात, आणि कोठार किती वेळा व कोणाच्या अधिकाराने उघडले गेले हे त्यांच्यावरून अभ्यासकांना सांगता येते.

या मुद्रांशी भारताचा संबंध काय, असा प्रश्न येथे साहजिकच विचारला जाईल.

सिंधू संस्कृतीच्या लोकांच्या स्वतःच्या मुद्रा बहुतांशी चौकोनी असत. पाठीमागे धरण्यास छिद्राची गाठ आणि पुढे एकशिंगी पशू किंवा बैल व वर काही चिन्हे, असे त्यांचे रूप पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या फिरवीत नसत, दाबीत असत. तथापि राजस्थानातील कालीबंगा येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९६० ते १९६९ या काळात उत्खनन केले, तेव्हा तेथे एक दंडगोल मुद्राही मिळाली. तिच्यावर दोन भालाधारी पुरुष एकमेकांशी झुंजत असून त्यांच्यामध्ये एक स्त्री आहे, आणि जवळच वाघाचे धड असलेली, शिंगांचा मुकुट धारण केलेली देवतासदृश आकृती उभी आहे. आकार इराकी पद्धतीचा, पण चित्रातील विषय व देवता मात्र येथल्या. दोन देशांचे दळणवळण कसे होते, हे सांगण्यास याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

उलट दिशेनेही पुरावे आहेत. इराकमधील उर या नगरात भारतीय पद्धतीच्या मुद्रा मिळाल्या आणि १९३२ साली सी. जे. गॅड या विद्वानाने त्या प्रसिद्ध केल्या. इराकी लेखांत ‘मेलुहा’ नावाच्या देशाचा वारंवार उल्लेख येतो, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते तो देश म्हणजे सिंधूचे खोरे होय. मेलुहा, मगन व दिलमुन येथील जहाजे आपल्या अक्कड नगरीच्या धक्क्याला लागतात, असे सम्राट सारगॉन मोठ्या अभिमानाने सांगतो. यातील दिलमुन म्हणजे मुख्यतः आजचे बाहरीन. तेथे व आखातातील इतर देशांत नोकरीनिमित्त गेलेले लोक पेडणे व डिचोली या दोन्ही तालुक्यांत घरोघर आहेत. त्यांपैकी किती जणांना आपण चार हजार वर्षांपूर्वीच्या एका जुन्या व्यापारी मार्गाने जात आहोत याची जाणीव असेल, कोण जाणे!

पॅरिसच्या लुव्र संग्रहालयातील दोन दंडगोल मुद्रा या संदर्भात प्रसिद्ध आहेत. एकीवर शु-इलिशु नावाच्या माणसाचा उल्लेख असून त्याचा हुद्दा ‘मेलुहाच्या भाषेचा दुभाषी’ असा दिला आहे. परक्या देशाची भाषा जाणणारा एक कर्मचारी, त्याला स्वतःची मुद्रा बाळगण्याइतकी प्रतिष्ठा होती, म्हणजे त्या भाषेचे लोक तेथे नित्य येत-जात असले पाहिजेत. दुसरी मुद्रा इब्नी-शर्रुम नामक लेखनिकाची. साधारण चार सेंटिमीटर उंचीच्या त्या दगडावर गुडघे टेकून बसलेले दोन वीर वाहत्या कुंभांतून म्हशींना पाणी पाजीत आहेत. मागे वळलेली, वळ्यांची ती लांब शिंगे पाहून पेडण्यातील कोणताही शेतकरी क्षणात सांगेल की हे जनावर आपल्या ओळखीचे आहे. पाण्यात डुंबणारी म्हैस तिकडे भारताकडून गेली असावी असे मानतात. सारगॉनच्या वंशाचे राज्य संपल्यावर काही काळाने ती इराकी मुद्रांवरून दिसेनाशी होते.

येथपर्यंतचे वर्णन कौतुकाचे झाले. परंतु लुव्रमधील या दोन्ही मुद्रा आणि नागपूरची मुद्रा यांत एक उणीव समान आहे, आणि आजच्या विषयाचे खरे मर्म तेथेच आहे. लुव्रच्या मुद्रा एका फ्रेंच गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात जमविलेल्या संग्रहातून आल्या; त्या उत्खननातल्या नव्हेत. नागपूरच्या मुद्रेमागेही उत्खननाची नोंद नाही. त्यामुळे लिबुर-बेलीचे नाव वाचता येते, दगडाची जात सांगता येते, कोरीव कामाच्या पद्धतीवरून काळही ठरविता येतो; मात्र त्या काळी एखादा व्यापारी ती मुद्रा गळ्यात घालून मध्य भारतापर्यंत आला होता, असे तिच्या आधाराने छातीठोकपणे म्हणता येत नाही. अलीकडच्या शतकात कोणी प्रवासी बगदादच्या बाजारातून ती विकत घेऊन आला असणेही तितकेच शक्य. दगड तोच, लेख तोच, पण जागेची नोंद नसल्यामुळे साक्ष अर्धी झाली.

कालीबंगाच्या मुद्रेचे तसे नाही. ती उत्खननातून निघाली; सोबतची मडकी, विटा, इतर मुद्रा यांच्यासह तिचे स्थान नोंदले गेले. गुजरातमधील लोथल येथे मिळालेली इराणी आखाताच्या पद्धतीची गोल मुद्रा तर टेकाडाच्या पृष्ठभागावर पडलेली होती; तरीही ती लोथलची आहे हे निश्चित, कारण उत्खननकर्ते डॉ. एस. आर. राव यांनी तिची जागा लिहून ठेवून १९६३ साली ती प्रसिद्ध केली. या डॉ. रावांचे नाव गोमंतकीयांनी विसरू नये. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ साली सागरी पुरातत्त्वाचे कार्य त्यांनीच उभे केले. गोव्याहून गेलेल्या त्यांच्या पथकास बेट द्वारकेत शंखाची एक चिमुकली मुद्रा मिळाली. तिच्यावर एका धडास तीन पशूंची मस्तके कोरलेली आहेत. आकाराने ती जेमतेम दोन सेंटिमीटर. उत्खनन करणाऱ्यांनी माती चाळली नसती, तर ती टोपलीतून थेट ढिगाऱ्यावर गेली असती.

गोव्याच्या इतिहासावरील काही लेखनात असे प्रतिपादन आढळते की प्राचीन काळी सुमेरियन, म्हणजे इराकचे लोक समुद्रमार्गे येथे आले व स्थायिक झाले. जमीन मोजण्याची मापे, काही देवतांची नावे, काही चालीरीती यांच्या साम्यावर ते आधारलेले आहे. ही कल्पना आकर्षक आहे, आणि आपल्या भूमीचे नाते एका महान संस्कृतीशी जुळावे असे कोणास वाटणार नाही? परंतु नावांचे व चालींचे साम्य हा फार निसरडा पुरावा होय. ज्यांच्या प्रत्येक व्यवहारात मुद्रा व मातीच्या पाट्या होत्या असे लोक एखाद्या ठिकाणी राहिले, तर त्यांच्या मागे निदान एखादा फुटका ठसा राहावा. गोव्यातील कोणत्याही नोंदलेल्या थरातून असा ठसा अथवा मुद्रा आजवर पुढे आलेली नाही. तोपर्यंत हे मत तर्काच्याच कोटीत ठेवणे योग्य. शाळेत तो इतिहास म्हणून शिकविला जाऊ नये.

आता असे समजा की उद्या मांद्रे किंवा मोरजी येथील एखाद्या जुन्या घरात पेटाऱ्याच्या तळाशी अशी मुद्रा निघाली. वर्तमानपत्रांत मथळे येतील. सुमेरियन लोक पेडण्यात आले होते, असे कोणी सांगेल. परंतु घरातील वृद्ध स्त्रीस विचारले, तर कदाचित कळेल की आजोबा बसऱ्यास किंवा आबादानला नोकरीस होते आणि तेथून येताना त्यांनी मुलांसाठी हा ‘नक्षीचा मणी’ आणला. त्या बाजारांत खऱ्या मुद्रांप्रमाणे नकलीही विकल्या जात. म्हणजे एका वृद्धेच्या चार वाक्यांनी निष्कर्ष सर्वस्वी बदलला. उलट तीच मुद्रा चिरेखाणीत, तळ्याच्या गाळात किंवा शेतात दोन हात खोल, जुन्या खापरांच्या सोबत मिळाली, आणि त्या क्षणी जागा नोंदली गेली, तर गोव्याच्या इतिहासाचे पहिले प्रकरण नव्याने लिहावे लागेल. दोन्ही प्रसंगी दगड एकच असेल.

हे केवळ मुद्रांच्या बाबतीत खरे आहे असे नाही. कोलवाळ येथील मुशीर वाड्यावर १९३० साली फादर हेरास यांना बुद्धमूर्ती मिळाली. ती पुढे मुंबईस, त्यांच्या संशोधन संस्थेत गेली. पण मुशीर हे नाव तिच्यासोबत गेले. म्हणून शापोरा नदीच्या काठी, पेडण्याच्या समोरच्या तीरावर, बौद्ध धर्माचे अस्तित्व होते असे आज आत्मविश्वासाने लिहिता येते. डिचोली तालुक्यात लामगाव व हरवळे येथील लेणी, कुडणे येथील जैन मंदिराचे भग्नावशेष ही स्थळे जागेवरच आहेत, म्हणून ती बोलतात. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठावर उसगाळीमळ येथील कातळशिल्पे १९९३ साली अभ्यासकांपुढे आली. तीही स्थानिक ग्रामस्थांनी सांगितले म्हणून. गुराख्यांना व शेतकऱ्यांना ती आधीपासून माहीत होती; ती जागा विचारणारा मात्र भेटला नव्हता.

उलट प्रकारही जगाने पाहिला आहे. एप्रिल २००३ मध्ये बगदादच्या राष्ट्रीय संग्रहालयाची लूट झाली. सुमारे पंधरा हजार वस्तू नाहीशा झाल्या आणि त्यांतील जवळजवळ पाच हजार या दंडगोल मुद्राच होत्या. कारण उघड आहे. मोठी मूर्ती नेण्यास गाडी लागते. मुद्रा खिशात मावते, सीमेवर दिसत नाही आणि परदेशी बाजारात मोठी किंमत आणते. त्यांतील काही परत मिळाल्या. ज्यांचे वर्णन, मोजमाप व छायाचित्र नोंदवहीत होते त्या ओळखून परत मागणे शक्य झाले. नोंद नसलेली वस्तू समोर दिसली तरी ती आपली आहे हे सिद्ध कसे करावयाचे?

पेडणे व डिचोली येथे या गोष्टीस तातडीचे महत्त्व आहे. डिचोलीत खनिजासाठी डोंगर पोखरले गेले आणि वरची माती टाकून नवे डोंगर उभे राहिले. पेडण्यात मोपाच्या पठारावरील विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झाला. रुंद रस्ते, वसाहती, हॉटेले यांसाठी जमीन उकरली जात आहे. पूर्वी कुदळीने एका दिवसात जेवढे खणले जाई तेवढे यंत्र काही मिनिटांत उचलते. कुदळ मारणारा माणूस खाली पाहत असे. यंत्र चालविणारा उंचावर बसलेला असतो. मूर्ती किंवा वीरगळ असेल तर कदाचित कोणाच्या नजरेस पडेल. नाणे, मणी, मुद्रा, लेख असलेले खापर यांचे काय होते ते सांगण्याची आवश्यकता नाही.

कायद्याविषयी ग्रामस्थांच्या मनात भय आहे. वस्तू दाखविली तर पोलीस येतील, जमीन सरकारजमा होईल, अशा समजुतीने कित्येक जण सापडलेली वस्तू परत पुरतात किंवा विहिरीत टाकतात. जमिनीत पुरलेल्या धनासंबंधीचा कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू मिळाल्यास लेखी खबर द्यावी, असे तो सांगतो. आणि त्या खबरीत तीन गोष्टी मागतो: वस्तूचे स्वरूप व मूल्य, ती सापडल्याची जागा, आणि सापडल्याचा दिवस. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यानेही जागेस वस्तूच्या जोडीने बसविले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याच कायद्यात सापडविणाऱ्याचा व जमीनमालकाचा हक्क मानलेला असून, सरकारने वस्तू घेतल्यास तिच्या मोलावर एक पंचमांश अधिक देण्याची तरतूद आहे. शिक्षा आहे ती लपविणाऱ्यास. १९७२ चा पुरावशेष कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यान्वये शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाहीत. गोव्याचा स्वतःचा प्राचीन स्मारकविषयक कायदाही १९७८ पासून आहे.

तेव्हा काही सापडल्यास काय करावे? प्रथम खणणे थांबवावे. वस्तू धुऊ नये, घासू नये, चिंच किंवा लिंबू लावून उजळू तर मुळीच नये. खोबणीत अडकलेली माती हीदेखील साक्ष असते. शेजारी खापरे, कोळसा, हाडे असतील तर ती जशी आहेत तशी राहू द्यावीत. शक्य असल्यास जागेवरच छायाचित्र घ्यावे व बाजूस पट्टी किंवा नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळेल. पंचायतीस, मामलेदार कचेरीस व पुरातत्त्व खात्यास कळवावे. अधिकाऱ्यांनीही खबर आणणाऱ्यास आरोपीसारखे उभे करू नये. एका गावात एकदा असे झाले की पुढील वीस वर्षे त्या गावातून कोणी काही कळवीत नाही.

शिक्षकांवर यात विशेष भार आहे, कारण मुले वस्तू प्रथम त्यांच्याकडेच आणतात. अनेक शाळांच्या कपाटांत नाणी, शंख, विचित्र दगड साठलेले असतात आणि ते आणणारी मुले कधीच मोठी होऊन गेलेली असतात. यापुढे येणाऱ्या प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवावी. वस्तू कोणी आणली, कोणत्या दिवशी, किती खोलीवर मिळाली, सोबत आणखी काय होते, एवढे पुरे. जागा लिहिताना ‘आंब्यापासून चाळीस पावले’ असे लिहिण्यास हरकत नाही. पण आंबा उद्या तोडला जाईल, म्हणून देऊळ, विहीर किंवा एक-चौदाच्या उताऱ्यावरील सर्व्हे क्रमांक यांचा आधार घ्यावा. चिठ्ठी शाईने लिहू नये. पावसाळ्यातील दमटपणात शाई पसरते. पेन्सिलीचे अक्षर टिकते.